पाण्याने राखलेल्या वाटा

सायकलीला मराठीत ‘पायगाडी’ असा एक फार चांगला शब्द होता. तो टिकला नाही याचे मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला नेहमीच वाईट वाटते. बैलगाडीत बैल असतो, आगगाडीत पूर्वी आग असे, तसा पायगाडीत पाय होता. ‘सायकल’ म्हटले की दुकान डोळ्यांपुढे येते. ‘पायगाडी’ म्हटले की चालणे आठवते. आणि सायकलीवरून नुसते हिंडणे हे चालण्याच्याच जातीचे सुख आहे. वेग बेताचा. मान वळवून शेत पाहावे, थांबून कुणाला गावाचे नाव विचारावे, झाडाला सायकल टेकवून घोटभर पाणी प्यावे, इतपत.

पण या सुखाला वाट लागते. हे शब्द मी सरळ अर्थाने वापरीत आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत राहणाऱ्यांना दुसरा अर्थ आधी सुचला तर तो दोष त्यांचा नव्हे. आमच्या या तिन्ही गावांत (गावे म्हणायची ही जुनी सवय, कागदोपत्री ती केव्हाच महानगरे झाली) रस्ते पुष्कळ आहेत, रुंदही होत आहेत, मात्र ज्यावरून दहा-बारा वर्षांच्या मुलाला निर्धास्तपणे सायकलवर सोडावे असा रस्ता दाखवा म्हटले तर माणूस विचारात पडतो. इथली मुले सायकल शिकतात ती इमारतीच्या आवारात, दोन रांगांत उभ्या असलेल्या मोटारींच्या मधल्या बोळात. तोल सावरता आला, की शिक्षण संपले. फाटकाबाहेर रिक्षा, टेंपो आणि भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले ट्रेलर दबा धरून बसलेले असतात.

आमच्या चिरंजिवांना बाराव्या वर्षी मामाने गियरची सायकल दिली. पुढे सहा महिने ती जिन्याखाली धूळ खात उभी होती. “आई, क्लासला सायकलने जाऊ?” हा प्रश्न रोज यायचा आणि “नको रे बाबा” हे उत्तर रोज जायचे. शेवटी त्याने विचारायचे सोडून दिले. मूल हट्ट करते तोवर आईला त्याचा राग येतो. ते हट्ट करायचे थांबते तेव्हा मात्र तिच्या पोटात कालवते. त्या सुमारास मी ठरवले, की निदान रविवारी सकाळी तरी या मुलाला मोकळ्या वाटेवर घेऊन जायचे. माझ्यासाठी एक जुनी सायकल दुरुस्त करून घेतली. शेजारच्या वहिनींनी “या वयात?” असे भुवईनेच विचारले. घरातल्या मंडळींनी वर्तमानपत्रामागून शुभेच्छा दिल्या. आणि आम्ही दोघे निघालो.

गेल्या तीन हिवाळ्यांत आम्ही ज्या वाटा धुंडाळल्या, त्यांत एक गंमत दिसून आली. त्यांतली एकही वाट सायकलीसाठी केलेली नाही. कुठे समुद्राचे पाणी अडवायला माणसांनी बांध घातला, कुठे शहराला पाणी न्यायला नळ टाकले, कुठे तलावात पाणी साठावे म्हणून जंगल तोडू दिले नाही. वाट मागून आली, आपोआप आली, आणि पाण्याचे काम चालू होते तोवर राहिली. एका शब्दात सांगायचे तर आमच्या भागातल्या मोकळ्या वाटा पाण्याने राखल्या आहेत.

हे नीट समजायला आधी थोडा भूगोल हवा. उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगरांतून उतरते, कर्जत आणि बदलापूरवरून येते. कल्याणच्या वरच्या अंगाला तिला काळू मिळते. काळूबरोबर भातसाही आलेली असते. कल्याणच्या दुर्गाडीपाशी पोचेपर्यंत नदीची खाडी झालेली असते, म्हणजे पाणी दिवसातून दोनदा उलटे चालते. शिवाजीमहाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराचा विचार याच पाण्याच्या काठी केला. पुढे ही खाडी डोंबिवली आणि मुंब्र्याच्या बाजूने जाते आणि ठाण्याच्या उत्तरेला तिला दोन फाटे फुटतात. मोठा फाटा घोडबंदरावरून वसईच्या समुद्राला मिळतो; धाकटा, अरुंद फाटा ठाण्याच्या पूर्वेने खाली मुंबई बंदराकडे जातो. या दोन पाण्यांच्या कुशीत साष्टी आहे. म्हणजे जुन्या ठाण्याचा रहिवासी एका बेटावर राहतो. आगगाडीने हे बेटपण आपल्याला विसरायला लावले. १६ एप्रिल १८५३ रोजी ती बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आली, पुढे पाणी होते. खाडीवर पूल बांधून १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोचली. तेव्हापासून आपण खाडी ओलांडतो ती खिडकीतून, निम्मे झोपेत.

सायकलीवरून खाडी पाहायची तर ती बांधावरून. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांच्या खारपाटात हे बांध शेकडो वर्षे घातले जात आहेत. एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला भाताचे शेत, आणि मध्ये मातीचा, पुरुषभर उंचीचा, वर दोन माणसे शेजारी चालतील एवढ्या रुंदीचा बांध. त्यात जागोजाग ‘उघाडी’ असते. उघाडी म्हणजे पाणी सोडायची झडप. ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते आणि भरतीचे पाणी चढू लागले की त्याच पाण्याच्या दाबाने ती आपसूक बंद होते. वीज नको, राखणदार नको. पाणीच दार उघडते, पाणीच लावते. अशा बांधांची देखभाल पूर्वी गावे आपापसांत वाटून घेत. १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला आणि १९७९ साली महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा कायदा केला, तेव्हापासून सरकारी खाते त्यात आले.

डोंबिवलीच्या पश्चिमेला मोठागावाकडे उतरत गेले, की इमारती संपतात आणि एकदम आभाळ सुरू होते. डावीकडे दिवा-वसई रेल्वेचा पूल दिसतो, समोर रुंद खाडी, पलीकडे भिवंडी तालुक्यातली गावे. इथे आणि कोपर-आयरे बाजूला खाडीकाठी हिंडताना पहिल्यांदा लक्षात येतो तो आवाजाचा अभाव. मग हळूहळू दुसरे आवाज ऐकू येऊ लागतात. चिखलात बुडबुडे फुटल्यासारखी बारीक चुटचुट चालू असते. चिंबोऱ्या आणि निवटे यांचा तो संसार. निवटा हा मासा असून चिखलावर उड्या मारीत हिंडतो, हे पुस्तकात वाचलेल्या मुलाला तो प्रत्यक्ष दिसल्यावर सायकल चिखलात आडवी टाकून बघत बसावेसे वाटले, यात नवल नाही. धुलाई माझ्याकडे असल्यामुळे मला वाटलेले नवल वेगळे.

खाडीच्या काठचे झाड म्हणजे मुख्यतः तिवर. त्याची मुळे श्वास घ्यायला चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, आणि शोषलेले मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. पान जिभेला लावून पाहिले तर खरेच खारट लागते. “आई, आता वरणात हेच घाल!” असा शोध त्या ठिकाणी लागला. या तिवरांना लोक पूर्वी सरपण समजत. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्याला मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. ठाण्याच्या खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ साली ठाण्याची खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, दाखल झाली. सुमारे साडेसहा हजार हेक्टरांचे हे क्षेत्र लोकलच्या गर्दीपासून हाकेच्या अंतरावर आहे. रोहित हिवाळ्यात येतात आणि उन्हाळ्याअखेर जातात. दिवाळीत ते भेटतीलच असे नाही. पण शेकाटे, तुतवार, शराटी आणि बगळे घरच्यासारखे हजर असतात.

खाडीवर जायचे तर भरती-ओहोटी कळली पाहिजे. मोबाइलवर ती दिसते हे खरे. पण कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब त्याहून सुटसुटीत आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. तितक्या वाजता मुंबईच्या किनाऱ्याला भरती पूर्ण होते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती आणि मधल्या वेळी, बाराच्या आसपास, ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराकडे, म्हणजे ओहोटी सकाळी सहाला. खाडीच्या आत जावे तसतसे पाणी उशिरा पोचते, तेवढी सवड धरावी. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला ‘उधाण’ म्हणतात. तेव्हा मुंबईच्या बंदरात पाणी साडेचार मीटरांच्याही वर चढते. अष्टमीच्या आसपासचा तो ‘भांग’, तेव्हा पाणी बेताचेच हलते. उधाणाच्या ऐन भरतीला बांधावर मुले घेऊन जाऊ नये. उधाणाची ओहोटी मात्र पाहण्यासारखी. खाडी आपला सगळा तळ उघडा करून दाखवते आणि पक्ष्यांची पंगत बसते.

बांधावर सायकल चालवण्याचे काही रिवाज आहेत. पावसाळ्यात आणि जमीन ओली असताना मुळीच जाऊ नये; चाकाने चर पडतो, चरात पाणी साचते आणि बांध फुटायला तेवढे निमित्त पुरते. डोक्यावर भारा घेतलेली बाई समोरून आली, तर आपण उतरून बाजूला व्हावे. वाट तिची आहे, आपण पाहुणे. भाताच्या पाल्यावर, मळणीच्या जागेवर चाक घालू नये. आणि कुणी भेटले तर आधी आपण बोलावे.

असेच एकदा उघाडीपाशी एक आगरी म्हातारबाबा भेटले. हातात फावडे, डोक्याला टॉवेल. ते वाकून बांधाच्या कडेची भोके बघत होते. मी थांबून विचारले, “काय शोधताय, बाबा?”

“चिंबोरीचं बीळ गं, बाय. इकडून तिकडं झालं की पाणी घुसतं. मग खांड पडते.”

खांड म्हणजे बांधाला पडलेले भगदाड. एकदा खांड पडून खारे पाणी शेतात शिरले, की पुढची काही वर्षे तिथे भात धड येत नाही. पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत वाट पाहावी लागते. मला वाटले, आमच्या सायकलींवरून ते आता दोन शब्द सुनावणार. म्हणून मीच विचारले, “आमच्या सायकलीनं बांध खराब होतो का?”

त्यांनी आमच्या दोन्ही सायकली नीट निरखल्या. “सुक्यात चालवा की. बांधावर माणूस चालता राहिला पाहिजे. पूर्वी गाव सगळा ह्याच्यावरनं जायचा, भोक पडलं तर कुणाला तरी दिसायचं. आता सगळी पोरं रस्त्यानं गाडीवर जातात. बघायला कोण नाय.”

मग मुलाकडे वळून म्हणाले, “तुला बीळ दिसलं तर सांगशील ना, रे?” मुलाने मान हलवली. तेव्हापासून हा मुलगा बांधावर खाली बघत सायकल चालवतो आणि दर पाच मिनिटांनी बीळ सापडल्याची वर्दी देतो.

मी मात्र त्या बोलण्यावर बरेच दिवस विचार करीत राहिले. आमची समजूत अशी, की निसर्गातल्या वाटा माणसे गेली की बिघडतात. काही बिघडतातही. पण बांधासारखी वाट माणसे जायची थांबली की बिघडते. रोज पायाखालून जाते ती वस्तू रोज नजरेखालून जाते. बांधावरची वर्दळ संपली, की आधी बीळ पडते, मग खांड पडते, मग शेत पडीक होते. आणि पडीक जमिनीवर भराव टाकायला कुणी ना कुणी टपलेलेच असते. तीन-चार वर्षांत तिथे गोदाम उभे राहिले, की इथे बांध होता हे सांगायलाही कुणी उरत नाही.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट झाली. परतताना बांध सरळ आणि मोकळा होता. मुलगा पुढे होता. तो पुढे गेला, आणखी पुढे गेला, तिवरांच्या वळणावर दिसेनासा झाला. घराबाहेर पडल्यावर तो माझ्या नजरेआड एकटा गेला असेल तर ते बहुधा पहिल्यांदाच. हाक मारायला मी तोंड उघडले आणि मिटून घेतले. पुढे काही येण्यासारखे नव्हतेच. एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला कापलेले भात, आणि मध्ये माझा मुलगा आपल्या पायांच्या जोरावर कुठेतरी चाललेला. वळण पार केल्यावर तो दिसला. एक पाय टेकवून माझी वाट बघत होता. “किती हळू चालवतेस!” एवढेच म्हणाला. पण त्या तीन मिनिटांत तो थोडा मोठा झाला होता आणि मीही.

पाण्याने राखलेली दुसरी वाट नळाची. मुंबईला पाणी पाजणारे विहार १८६० साली झाले, तुळशी १८७९ साली आणि तानसा १८९२ साली. तानसाचे पाणी शहापुराकडून निघून भिवंडी तालुक्यातून येते, कशेळीला खाडी ओलांडते आणि बाळकुम-ठाण्यावरून मुलुंडकडे जाते. हे हत्तीच्या पोटाएवढे नळ आपण रोज पाहतो. त्यांच्या कडेने देखभालीसाठी ठेवलेली पट्टी मात्र फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. नळांच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर जागा मोकळी ठेवावी असा न्यायालयाचा आदेश आहे, तो घातपाताच्या भीतीपोटी. मुंबई महापालिकेने याच जागेतून मुलुंड ते धारावी असा ३९ किलोमीटरांचा सायकलमार्ग आखला होता. आखणी मोठी होती, हाती तुकडे आले. ठाणे जिल्ह्यात नळाकाठची वाट कुठे डांबरी, कुठे खडीची, कुठे बंद. जिथे फाटक आहे तिथे परवानगीवाचून जाऊ नये. पण नळ जिथे शेतांतून जातात, तिथे शेजारच्या गावरस्त्यावरून त्यांच्या सोबतीने जाण्यात मौज आहे. नळ चढ टाळतो. पाण्याला जे कष्ट नको असतात, ते सायकलस्वारालाही नको असतात. त्यामुळे दोघांचे छान जमते.

तिसरी वाट जंगलाची. ठाण्याच्या उपवन तलावापासून येऊरचा चढ लागतो. वनखात्याचे नाके ओलांडले की साग, ऐन, कुडा, काटेसावर यांची सावली सुरू होते. हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे पूर्वेचे अंग. १०४ चौरस किलोमीटरांचे हे जंगल दोन कोटींच्या वस्तीला खेटून कसे राहिले, याचे एक कारण पुन्हा पाणीच. विहार आणि तुळशी तलावांत येणारे पाणी शुद्ध राहावे म्हणून त्यांच्या भोवतालची वस्ती आणि तोड शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच रोखली गेली. तलावांसाठी राखलेल्या त्या रानाभोवती पुढे उद्यान वाढले. २०२४ च्या पावसाळ्याअखेर या डोंगरांवर कारवी फुलली होती. कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते. आधीची फुले २०१६ ची, यापुढची २०३२ ची. तोवर आमचे चिरंजीव एकवीस वर्षांचे होतील. “तेव्हा मी एकटा येईन,” असे त्यांनी त्याच वेळी जाहीर केले.

येऊरच्या रस्त्याबद्दल एक सांगितले पाहिजे. तो वाहनमुक्त नाही. सकाळी आठ-नऊनंतर, विशेषतः रविवारी, मोटारी चढू लागतात. पण पहाटे सहाला तो आपला असतो. आमच्या भागात मोकळा रस्ता ही जागा कमी आणि वेळ जास्त आहे. सहाचा येऊर आणि दहाचा येऊर ही दोन वेगळी गावे समजावीत. मात्र अंधारात आणि संध्याकाळी जाऊ नये. बिबळ्या त्या वेळी फिरायला निघतो, आणि वाट पहिल्यापासून त्याची आहे. पाटोणपाड्यासारख्या पाड्यांतून जाताना घंटी वाजवीत, फोटो काढीत जाऊ नये; तिथे माणसे राहतात, ती देखाव्यासाठी ठेवलेली नाहीत.

ज्यांना चढ नको आणि चिखलही नको, त्यांनी कल्याणकडून गोड्या पाण्याची वाट धरावी. मोहने-आंबिवलीच्या बाजूने टिटवाळ्याला जावे. काळू नदी, पावसाळ्यानंतरची हिरवी शेते, तोंडल्या-काकड्यांचे मांडव, आणि शेवटी महागणपतीचे दर्शन. मंगळवार आणि चतुर्थी टाळावी, नाहीतर दर्शन रांगेचेच घडेल. किंवा गांधारी पूल ओलांडून बापगावच्या बाजूला जावे आणि हमरस्ता सोडून गावरस्ते धरावेत. तिथून थोड्याच अंतरावर आमणे येथे समृद्धी महामार्ग येऊन टेकतो. नागपूरपासूनचा हा ७०१ किलोमीटरांचा मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. त्याच्यावर सायकलीला मज्जाव आहे, आणि ते योग्यच आहे. आम्ही त्याच्या जवळच्या एका गावरस्त्यावर चहा प्यालो. टपरीवाल्याने विचारले, “कुठून आलात?” डोंबिवलीहून सायकलने आलो म्हटल्यावर त्याने चहाचे पैसे घ्यायला बराच वेळ नकार दिला. एवढे स्वागत महामार्गावर होत नसावे.

या सगळ्या वाटांवर आता कामे येत आहेत. मोठागावहून माणकोलीला जाणारा पूल २०२५ साली वाहतुकीला खुला झाला आणि डोंबिवलीकरांचा ठाण्याचा वळसा वाचला. बाळकुमपासून गायमुखापर्यंत खाडीच्या कडेने रुंद मार्ग आखला आहे. येऊरच्या डोंगरांच्या पोटातून ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्यांचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. घोडबंदर रस्त्यावर दोन-दोन तास अडकणाऱ्या माणसाला ही कामे नकोत असे मी कोणत्या तोंडाने सांगू? मीही रोज कॉलेजला त्याच गर्दीतून जाते. माझे म्हणणे एवढेच, की मोठा रस्ता नकाशावर ओढताना त्याच्या पेन्सिलीखाली कोणती लहान वाट पुसली जाते, हे एकदा पाहावे.

जगात इतरांनी ते पाहिले आहे. आज सायकलींचा देश म्हणून आपण हॉलंडचे कौतुक करतो. पण १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले. ‘बालहत्या थांबवा’ असे त्या चळवळीचे नावच होते. पुढच्या वर्षांत तिथे सायकलींच्या स्वतंत्र वाटा झाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ समुद्र अडवण्यासाठी घातलेल्या जुन्या बांधांवरून जातात. इंग्लंडात ब्रिस्टल ते बाथ हा २१ किलोमीटरांचा मार्ग १९७९ ते १९८६ या काळात एका बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर झाला. त्यावर स्वयंसेवकांनी हातांनी काम केले. म्हणजे तिथेही सायकलीची वाट कुणी शून्यातून काढली नाही. दुसऱ्या कामासाठी केलेली वाट उरली होती, ती त्यांनी हातची जाऊ दिली नाही.

आपल्याकडे बांध आहेत, नळाकाठ आहे, जंगलाची पायवाट आहे. त्यांवर रंगीत फरशी आणि उद्घाटनाची कोनशिला नको. मोटार आत शिरणार नाही अशा बेताने दोन दगडी खांब रोवावेत, बांधाची खांड वेळेवर बुजवावी, आणि गावच्या लोकांना विचारल्यावाचून काही करू नये. बाकीचे काम आपण करायचे आहे, आणि ते सोपे आहे. जायचे. कोरड्या दिवसांत, पहाटे, हळू, उतरून वाट देत, पण जायचे. बांध चालता राहिला तर राहील.

भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. भाऊबीज म्हणजे द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. भरती दुपारी दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसात-आठला, खाडीच्या आत आणखी थोडी उशिरा. घरी बहिणीकडे जेवण असणारच, ते बाराच्या आत नसते. सायकलीत हवा भरा, चाकाला पंक्चरचे सामान आणि डब्यात चकल्या घ्या, आणि मुलाला म्हणा, की आज पुढे तू.